मालकांचे सासरे आणि आमचे डोळे

लोक माणसाचं तोंड बघून स्वभाव ओळखतात. आमच्या मालकांचे सासरे माणसाचे फक्त डोळेच बघायचे. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला लासुर्ण्याजवळच्या आमच्या वर्कशॉपात उसाच्या ट्रॉल्या बांधल्या जायच्या, आणि हे आबा दिवसभर दारात बाज टाकून बसायचे. कुणीही येवो, अगदी पत्र्याचा व्यापारी का असेना, 'बरं हाय का' विचारायच्या ऐवजी आबा त्याची खालची पापणी ओढून बघायचे. उघड्या डोळ्यांनी कुणी वेल्डिंग करताना दिसला, की उठून सरळ मेन स्विच पाडायचे. काम ठप्प. मालक दात-ओठ खायचे, पण सासऱ्याला बोलणार कोण?

एका खंडेनवमीला आम्ही अवजारांबरोबर गॉगलही पूजेला मांडले आणि भक्तीच्या भरात काचांवरच हळदकुंकू लावलं. दसरा झाला तरी ते पुसायला कुणी धजेना, आणि सगळे तसेच उघड्या डोळ्यांनी ग्राइंडरवर. आबांनी उपरण्यानं काचा लख्ख पुसल्या. म्हणाले, "देवीला समदं दिसतंय. आता तुमालाबी दिसू द्या."

मी सातवीतून शाळा सोडून पार किनवटकडून आलेला. डोळा गेला तर काम जाणार, मग गावी काय तोंड दाखवायचं, ही धास्ती कायमची. आणि एक दिवस ग्राइंडरचा कण गॉगलच्या फटीतून आत शिरून डोळ्यात रुतलाच. आमच्याकडं काडीला सूत गुंडाळून असा कण काढायची रीत; आमच्यातले जुने वेल्डर शकूरभाई, त्यांचा त्यात हातखंडा. ते काडी घेऊन आले तर आबा आडवे उभे.

"शकूर, कुसळ न्हाय ते. लोखंड हाय."

मग शकूरभाईंनीच आम्हाला एसटीत बसवलं. मी डोळा चोळू नये म्हणून आबांनी बारामतीपर्यंत माझी दोन्ही मनगटं धरून ठेवली. कंडक्टरनं विचारलं, ह्यानं काय चोरलं? आबा म्हणाले, "अजून न्हाय. पर सवताचाच डोळा घालवाय बघतंय."

डॉक्टरांनी कण काढून पट्टी बांधली. ती सोडायच्या दिवशी आबा पुन्हा हात धरून, नाकाला नाक लावून बसले. "काय दिसतंय?" मी उजेडात डोळा मिचकावत राहिलो. आबांचा आवाज चिरकला. "आरं बोल की लेकरा."

"तुमी दिसताय, आबा."

त्यांनी हात सोडले. मला भडभडून आलं. डोळे पुसायला गेलो, तर त्यांनी परत मनगटं धरली. डॉक्टरांनी चोळू नको म्हटलं होतं ना.

आता आबा नाहीत. डोळे भरले तर हात मोकळे असतात. तरी मी ते पाणी तसंच वाहू देतो.