अप्पांच्या खिशातला फ्यूज

चाळिशी ओलांडलेली माणसं रविवारी दुपारी टीव्हीसमोर फरशीवर बसून जुना व्हिडिओ गेम खेळायला लागली, की किस्से आपोआप साठतात. कसबा बावड्यात सच्याच्या घरी आमचा अड्डा असतो. सच्या, दिल्या आणि मी, शाळेपासूनचे दोस्त. माळ्यावर लहानपणीचा तो काळा गेमचा डबा सापडला, वायरी जोडल्या, आणि तो चक्क चालू झाला!

या डब्याच्या कॅसेटवर लिहिलं होतं, ‘नऊ लाख गेम’. दिल्यानं लहानपणी सगळे खेळायचे ठरवले. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की तेच चार गेम फिरून फिरून येतात. गडी तावातावानं दुकानात भांडायला गेला. दुकानदार शांतपणे म्हणाला, “एवढं खेळून बघितलंस? मग शाळंला कवा जातोस रं?” दिल्या गुपचूप घरी आला.

•

कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र सगळ्यांना माहीत आहे. आमच्यात हे खातं दिल्याकडे. दूधवाला माणूस, छाती दणकट. पण वय झालं की हो! आता आधी दिल्याला चक्कर येते, मग गेम चालू होतो. सच्याची आई, म्हणजे आमच्या काकी, त्याला लिंबू सरबत देतात आणि म्हणतात, “त्या डब्यापायी मरशील एक दिवस!”

•

एकदा काकींचे चंदगडचे भाऊ आले होते. जंगलात फिरलेला माणूस. गेममधली बदकं मारायची बंदूक आम्ही त्यांच्या हातात दिली. आम्ही टीव्हीला नळी टेकवून मारायचो. मामा म्हणाले, “असं अंगाला लावून मारत्यात व्हय?” ते मागं सरकत सरकत थेट बाहेरच्या सोप्यात गेले. एकही बदक पडलं नाही. पडद्यावरच्या गवतातून कुत्रा वर आला आणि खी खी हसला. मामांनी बंदूक खाली ठेवली. “बदकाचं ऱ्हाऊ दे. ह्यो कुत्रा कुणाचा हाय, ते सांगा आधी!”

•

आमचा खरा वैरी मात्र सच्याचे वडील, अप्पा. तेव्हा साखर कारखान्यात नोकरी, आवाज भोंग्यासारखा. आमच्या लाडक्या, किल्ल्यांतून राजकन्या सोडवायच्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही शेवटच्या किल्ल्यात पोचलो, की अप्पा न चुकता मीटरचा फ्यूज उपसायचे. “चला, अभ्यासाला बसा!”

एकदा तर फ्यूज खिशात घालून ते ड्युटीवर गेले. घरात अंधार. काकींनी सच्याला कारखान्यावर पिटाळलं. अप्पा गेटवर येऊन म्हणाले, “एकोणतिसाचा पाढा म्हण, मग देतो.” सच्या हात हलवत परत आला. त्या संध्याकाळी काकी कंदिलाच्या उजेडात त्याच्याकडून पाढा घोकून घेत होत्या.

त्यामुळं शेवटचा किल्ला आम्ही कधीच जिंकलो नाही. हसू नका, पण ही गोष्ट आम्हा तिघांना आयुष्यभर सलत होती.

•

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा त्या किल्ल्यात पोचलो. खाली आग, पलीकडे राक्षस. ती उडी जमली तर दिल्यालाच जमणार. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको ओरडत होती, “म्हस व्यायला अडलीया, पळत या!”

दिल्यानं गेम थांबवून ठेवला आणि चपला घातल्या. “कुणी हात लावला तर बघा! आणि अप्पा, आजच्या दिवस तेवढी लाईट...”

कोपऱ्यात बसलेले अप्पा काठी टेकत उठले, खुर्ची ओढत नेली आणि मेन स्विचखाली जाऊन बसले.

आम्हाला धास्ती, आज हे काय करतात! थोड्या वेळानं काकी चटणीसाठी मिक्सर लावायला गेल्या, तर अप्पा गरजले, “मिक्सर लावायचा न्हाई! लाईट जाईल. पोरांचा माणूस उभा हाय तिथं!”

“त्यो उभा हाय म्हणून तुम्ही उपाशी ऱ्हाणार व्हय?”

“पाट्यावर वाट की!”

काकींनी बडबडत पाट्यावर चटणी वाटली. अप्पा जागचे हलले नाहीत. जेवणाचं ताटही त्यांनी तिथंच घेतलं.

दिवेलागणीला दिल्या आला. कपड्यांना शेण, तोंडभर हसू. “रेडी झाली! दोघी ब्येस हायत.” काकींनी त्याला हातपाय धुवायला लावले. तो बसला. पहिली उडी आगीत. दुसरी आगीत. आता एकच जीव शिल्लक. सच्यानं डोळे मिटून घेतले.

दिल्यानं उडी मारली. पलीकडे! राक्षस आगीत पडला, राजकन्या आली, इंग्रजीत आभाराची एक ओळ उमटली. बस्स, एवढंच. तीस-एक वर्षं आम्ही ज्याची वाट बघितली ते हे! दिल्या चक्क रडायला लागला.

अप्पा उठून टीव्हीपाशी आले. चष्मा वर करून त्यांनी ती ओळ नीट वाचली. मग हळूहळू माघारी गेले, हात वर केला आणि मेन स्विच खाली ओढला.

“झालं न्हवं?” अंधारातून आवाज आला. “चला, आता अभ्यासाला बसा!”