सख्ख्या भावाच्या दुकानातल्या गाद्या

माझी धाकटी जाऊ घरी बसून टायपिंग करते. डॉक्टर रोग्यांची माहिती बोलून रेकॉर्ड करून ठेवतात, ती ऐकून उतरवते. औषधाचं नाव चुकलं तर रोग्याच्या जिवाशी खेळ, म्हणून हेडफोन कानाला लावण्याआधी ती देवाला हात जोडते.

हेडफोन तिच्या सख्ख्या भावाच्या दुकानातला. भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण. पण कानावरच्या गाद्यांचं रेक्झिन महिन्याभरातच सुटायला लागलं. गालावर, मानेवर, कानात काळे पापुद्रे.

"आज कुठली कढई घासलीस?" आमचे भावजी, म्हणजे तिचा नवरा, चिडवायचे.

भाऊ नव्या गाद्या द्यायचा, त्याही सोलायच्या. "ताई, तुझ्या केसांच्या तेलानं होतंय हे," तो म्हणाला. हिनं तेल सोडलं. केसांचा झाडू झाला, गाद्या सोलतच राहिल्या. फाटक्या गादीतून बाहेरचा गोंगाट आत येई. दोनदा ऐकण्यात चूक झाली, तेव्हा तिला काम पाठवणाऱ्या ऑफिसच्या बाईंनी सांगितलं, आता चुकलीस तर काम बंद.

मग मीच तिला घेऊन दुकानात गेले. तिथे एक गिऱ्हाईक तावातावानं बोलत होतं, "मागच्यासारखा भंगार माल दिलात तर याद राखा!" भावानं गुमान खालच्या कप्प्यातून जाडजूड गाद्या काढल्या, पिळून दाखवल्या. "साहेब, वर्षभर बघायला नको."

तो माणूस गेल्यावर जावेनं विचारलं, "या तुझ्याकडे होत्या?"

"होत्या की."

"मग मला का नाही दिल्यास?"

"अगं, ही माणसं परत येऊन दुकान डोक्यावर घेतात. तू थोडीच भांडणार आहेस! घरचं माणूस सांभाळून घेतं." वर हसला.

"आणि ते तेलाचं?"

तो काउंटर पुसायला लागला. "घे ना, तुलाही देतो. एवढं काय त्यात!"

तिनं हात लावला नाही. समोरच्या अनोळखी दुकानातून गाद्या घेतल्या. वाटेत एवढंच म्हणाली, "एका ताटात जेवलोय हो आम्ही." देवा, गरीब स्वभावाची ही किंमत?

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते.

"ताई, रागावलीस का गं?"

मला वाटलं, आता ही 'नाही रे' म्हणणार.

"हो," ती म्हणाली. "रागावले."

मग त्यानं भाच्याची चौकशी केली. तिनं फोन मुलाच्या हातात दिला आणि आत निघून गेली.