गोमटेशकाकांची घासलेली काच

गोमटेशकाका मगदूम यांच्याइतका खवचट माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही, आणि हे मी मायेनं सांगते. माझं फ्रेमचं दुकान आणि त्यांचा स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत. मी खिळे ठोकायला लागले की पलीकडून आवाज येतो, "संयोगिता, भित पाडूनच हिकडं ये की!" मी पण काही कमी नाही. "काका, फोटो काढताना दात दाखवा म्हणता, तसं जरा स्वतः पण दाखवत जावा," असं मी इकडून ऐकवते.

अख्ख्या कोल्हापुरात फिल्मवर, तेही पोस्टकार्डाएवढ्या फिल्मवर फोटो काढणारा मला ठाऊक असलेला हा एकच माणूस. भात्याचा कॅमेरा, डोक्यावर काळं कापड. मागच्या घासलेल्या काचेवर चित्र उलटं उमटतं, त्यावर भिंग टेकवून ते नेमकं जुळवायचं, मग काचेच्या जागी फिल्म सरकवायची. एका फोटोला पाऊण तास. लोक हसतात, पण त्यांनी काढलेला फोटो सहा फूट मोठा केला तरी माणसाच्या पापण्या मोजता येतात. ते फोटो फ्रेममध्ये मीच बसवते, त्यामुळे मला ठाऊक आहे.

डिसेंबरात दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. अडचणीच्या जागेत जवळून सगळं मावावं म्हणून काकांनी रुंद लेन्स मागवली, आणि त्याच गडबडीत स्टँड कलंडून ती घासलेली काच फुटली. तसली काच इथं मिळते कुठं? मग मीच दोन मिलिमीटरची काच कापली, पावडर-पाणी घालून एका बाजूनं दोन दिवस घासली आणि चौकटीत बसवून दिली. काकांनी बोट फिरवून बघितलं, म्हणाले, "बाई, हात हाय तुझा." महिनाभर ते वाक्य मी येईल त्या गिऱ्हाईकाला सांगत होते.

आणि तिथून त्यांचे फोटो बिघडायला लागले.

पहिल्यांदा एका शाळेचा, जिन्यावर बसलेल्या शिक्षकांचा. लांबून ठीक दिसत होता. मोठा केला तर मागच्या भिंतीची वीट न् वीट स्वच्छ, आणि पुढचे चेहरे लोणी फासल्यासारखे. दुसऱ्यांदा जैन बस्तीतल्या उत्सवाचा, तेच. काका स्वतः शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंची माफी मागून आले. जुन्या लांब लेन्सनं माणसाचा एकट्याचा फोटो मात्र चालून जायचा. त्यावरून काकांनी निष्कर्ष काढला तो एकच. रुंद लेन्सचं चित्र काचेवर अंधुक आणि बारीक दिसतं, ते बघायला तिखट नजर लागते. ती आता राहिलेली नाही.

"भिंगसुद्धा नव्यानं जुळवाय लागलं," ते मला म्हणाले. "नंबर वाढलाय माझा."

हे ते सहज बोलले नव्हते. त्यांचे वडील पासष्टाव्या वर्षी आंधळे झाले आणि पुढं अठरा वर्षं ओसरीवर बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखत राहिले. काकांना यंदा पासष्टावं लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण काळजीचं कारण नाही. काकांनी त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर हा माणूस डोळे मिटून, हात पुढं करून, स्टुडिओत दारापासून खुर्चीपर्यंत पावलं मोजत चालत होता. मला बघून खेकसले, "काय बघतीस? सवय करून ठेवाय नको व्हय?" मी चहा ठेवून निघून आले. दुकानात येऊन रडले, खोटं कशाला बोलू.

मग कळलं की कॅमेरा विकत न्यायला पुण्याचा एक माणूस सोमवारी येतोय.

त्याच आठवड्यात कोडोलीकडचे बाळासो माझ्याकडं आले. तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ शनिवारी बंद होणार होतं. रस आटवायची शेवटची काहील उतरली की तिच्याखालचं चुलवण पाडायचं. त्यांना सहा फुटी फोटो हवा होता: काहिलीभोवती सगळे गडी आणि मधोमध गूळ जमवणारा गुळव्या, कृष्णात. "मोबाईलवर ढीगभर काढल्यात," बाळासो म्हणाले. "पर ह्यो भितीवर लावायचा. पोरांनी हरेकाचं तोंड वळखाय पायजे."

काका नाहीच म्हणाले. मी भांडले. "फोटो न्हाईच आला तर काय हुईल? कॅमेरा सोमवारी जातोयच की!" हे फार लागलं त्यांना. पण आले.

गुऱ्हाळाची शेड अरुंद. कॅमेरा पार भिंतीला टेकवला तेव्हा कुठं काहील आणि अठरा माणसं मावली. काकांनी पाणसळ लावून कॅमेरा सरळ केला, पुढची लेन्सची नि मागची काचेची पाटी एकमेकीला समांतर आहे का ते पट्टीनं चारही कोपऱ्यांत मोजलं. "रुंद लेन्सला केसाएवढी चूक चालत न्हाय," ते पुटपुटले. लेन्सचं भोक बावीसवर. याहून बारीक केलं तर गड्यांना फार वेळ श्वास धरावा लागला असता. भरलेल्या फिल्म चारच. पुढचा डबा मुंबईहून यायला महिना लागणार होता.

दुपारी तीनपर्यंत तीन फिल्म संपल्या. दर वेळी काका कापडाखाली पाच-पाच मिनिटं भिंग टेकवून बसायचे, आणि बाहेर आले की डोळे चोळायचे. "दिसतंय तर झ्याक," मला हळूच म्हणाले. "शाळंत पण झ्याकच दिसत हुतं."  तिकडं पाक फुगायला लागला होता. कृष्णात ओरडला, "पावणं, आटपा! पाक कुणासाठनं थांबत न्हाय! दहा मिंटात काहील उतरणार!"

चौथी फिल्म घालण्याआधी काका म्हणाले, "काच पूस जरा. राख बसलीया."

मी ओढणीनं पुसायला गेले आणि ओढणीचा धागा काचेला अडकला.

बाहेरची बाजू तर गुळगुळीत हवी, तिला धागा कसा अडकेल? मी नख फिरवलं. खर्रर्र. खरखरीत बाजू बाहेर होती, माझ्याकडं. आणि मला आठवलं. काकांनी काच करायला सांगताना दारातून म्हटलं होतं, खरखरीत बाजू आत, लेन्सकडं. फिल्म जिथं बसणार बरोब्बर तिथंच ती बाजू आली पाहिजे. मी "व्हय व्हय" म्हटलं होतं. पण वीस वर्षं मी फोटोंवर न चमकणारी काच बसवतेय, आणि तिची खरखरीत बाजू नेहमी बाहेर असते. चौकट हातात आली की हात विचारत नाहीत. मी त्यांच्या कॅमेऱ्याला फोटोच्या फ्रेमसारखी काच बसवली होती. चित्र दिसत होतं काचेच्या बाहेरच्या अंगाला, आणि फिल्म बसत होती आतल्या अंगाच्या जागी, काचेच्या जाडीएवढी पुढं. दोन महिने.

खरं सांगते, गप्प बसावं असं वाटलं. कुणाला कळलं असतं? सोमवारी कॅमेरा गेला असता, त्याबरोबर काच पण गेली असती, आणि काका म्हातारपणाला दोष देत बसले असते. गल्लीत माझा हात चांगला तो चांगलाच राहिला असता. काका फिल्मचा होल्डर हातात धरून उभे होते. त्यांनी मला विचारलं, "पुसलीस?"

"काका," मी म्हटलं, "काच उलटी बसलीया. मी बसवली. तुमचं डोळं न्हाईत बिघडल्यालं."

अठराच्या अठरा माणसं माझ्याकडं बघायला लागली. काकांनी होल्डर खाली ठेवला. काचेवर एकदा अंगठा फिरवला. मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि चौकटीचे स्क्रू सोडवायला लागले. चार स्क्रू. एक खाली चोथ्यात पडला, मी गुडघ्यावर बसून हुडकला. कृष्णातनं पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघितली आणि बोंबलला, "झाली गोळी! आता दोन मिंटं, एक सेकंद बी जास्त न्हाय!"

काच उलटली. स्क्रू आवळले. काका कापडाखाली गेले. त्यांचा हात बाहेरून मला दिसत होता. त्यांनी चाक फिरवलं ते अगदी थोडं, ज्वारीच्या दाण्याएवढं. मग हात थांबला.  मला वाटलं, आता हा माणूस बाहेरच येत नाही.

"हालू नगासा," बाहेर येऊन फिल्म सरकवत ते एवढंच म्हणाले. "श्वास धरा. चार सेकंद."

एक. दोन. तीन. चार. अठरा माणसांच्या छातीतून हवा सुटली आणि त्याच दमात गड्यांनी साखळी ओढली. काहील कलली, पाक धबाधबा गूळ निववायच्या वाफ्यात पडला आणि सगळी शेड वाफेनं भरून गेली.

परत येताना टेंपोत काका माझ्या शेजारीच होते. मी तीनदा माफी मागितली. ते उसाच्या शेतांकडं बघत बसले होते.

रविवारी सकाळी त्यांनी भिंतीवर ठोकून मला बोलावलं. चारही निगेटिव्ह दिव्याच्या पेटीवर मांडल्या होत्या. पहिल्या तिन्हींत मागचा पत्रा धारदार आणि गड्यांचे चेहरे विरघळलेले. चौथीवर त्यांनी भिंग ठेवलं आणि मला वाकायला लावलं. कृष्णातच्या हातावरचे भाजल्याचे डाग दिसत होते, शर्टाच्या तुटक्या बटणाचा दोरा दिसत होता. कोपऱ्यातल्या शेवटच्या माणसाच्या मिशीचा एक एक केस वेगळा होता.

"दिसलं?" काका म्हणाले. "हे मी जुळवलं. ह्या डोळ्यांनी." आणि ते भडभडून रडायला लागले, लहान पोरासारखे. मीपण रडले.

मग काकांनी पुण्याच्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. फोन ठेवला, चष्मा पुसला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"संयोगिता, दोन म्हयनं मी रोज रातीला झोपताना बघून घेतलंय. दार, खुर्ची, माझ्या पोरीचं तोंड. उद्या दिसंल का न्हाय म्हणून. हे तुला म्हायती असूदे."

 मी तिथंच उभी राहिले. त्यांनी जा म्हटलं नाही, बस पण म्हटलं नाही.