मिडची निवड

मुरबाडला आमच्या शेजारी राहणारे ते गृहस्थ स्पीकर घरीच बनवायचे. आपण बोलत असलो की मान तिरकी करून ऐकायचे आणि मग म्हणायचे, "तुमचा आवाज नाकात आडकतो." आपण काय सांगितलं, ते त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसायचं.

गेल्या दिवाळीत त्यांनी मला मिड निवडायला बोलावलं. मिड म्हणजे खोक्यातला मधला स्पीकर. माणसाचा गळा त्यातून वाजतो. त्यांनी दोन आणले होते. "माझा अॅम्प्लिफायर बारका. थोड्या पॉवरवर मोठ्यानं बोलणारा मिड पायजे," ते म्हणाले. पारख करायला त्यांनी बायकोला गायला लावून ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. वहिनी लाजल्या, पण हळदीचं गाणं मन लावून गायल्या.

खोक्यातून त्यांचा गळा घरभर घुमला, तशा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगो बाय, ही मीच काय?"

"गप ऱ्हा गो, आयकू दे!" ते खेकसले.

दुसरा मिड पसंत पडला.

"आजून एकदा लावा ना," वहिनी म्हणाल्या.

"कशाला? काम झाला." त्यांनी रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि मोठ्यानं एक सिनेमाचं गाणं लावलं.

वहिनी पुढे काहीतरी म्हणाल्या. मला त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसले.