पत्रकात न लिहिलेलं एक वाक्य

भालकीत चार घरांनी मला खोली नाकारली आणि चौघांचा पहिला प्रश्न एकच होता, कुत्र्याची जात कोणती? माझी कुत्री रस्त्यावरची, तांबडी, एक कान पडलेली. अमावास्येच्या आत जुनी खोली सोडायची होती, हातात पाच दिवस होते. खोली मिळाली नाही तर ती पुन्हा रस्त्यावर जाणार होती.

मी पत्रकं काढणाऱ्यांच्या घरात वाढले. अन्याय दिसला की वडील ताट सरकवून मजकूर लिहायला बसत. मीही तेच केलं. ‘कुत्र्याची जात विचारू नका, वागणूक विचारा. चावते का, अंगावर जाते का, लस टोचली आहे का, हे पाहा. न पाहता नकार देणं हा अन्याय आहे.’

पाचव्या घरच्या अक्कांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. घर लिंगायतांचं.

“खरं लिव्हलंस. आमच्यात जात इचारू नये म्हणत्यात, अन् समदे पहिलं तेच इचारत्यात. मग वागणूकच बघू. उद्या सकाळी माझ्या पूजेच्या टायमाला आण. कट्ट्यापाशी बांध अन् अर्धा तास लांब जा.”

मला आनंद व्हायला हवा होता, पण एक गोष्ट मी पत्रकात लिहिलीच नव्हती. एकटी सोडली की ती हेल काढून रडते. जुनी खोली त्यापायीच चालली होती. आणि अक्का डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसल्या की त्या घरात कुणी भांडंही वाजवत नाही.

सकाळी तिला पोटभर भाकरी घातली, दमेपर्यंत पळवली, बांधली आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन उभी राहिले. गिरणीच्या आवाजात सगळं बुडेल असं वाटलं होतं. नेमकी लाईट गेली.

कट्ट्याकडून तिचं रडणं ऐकू आलं.

“कुणाला तरी माहेर आठवायलंय बघा,” गिरणीवाले अण्णा म्हणाले. कुणीतरी हसलं.

अर्धा तास भरायच्या आतच मी पळत परत गेले. अक्का डोळे मिटून बसलेल्या, ओठ हलत होते. मला पाहून कुत्री गप्प झाली. पूजा संपेपर्यंत मी दारातच उभी.

“चावती का?” अक्कांनी उठत विचारलं.

“न्हाई.”

“लस?”

“टोचलीय. कागद आहे.”

“मग रडती, हे कामून लिव्हलं न्हाईस?”

“लिहिलं असतं तर तुम्ही पाहिलंच नसतं, अक्का.”

“न बघता नकार दिला तर अन्याय. अन् लपवून खोली मागितली तर?”

त्यांनी माझंच पत्रक आणि पेन पुढे केलं. “लिव्ह.”

मी शेवटी लिहिलं, ‘एकटी राहिली की रडते.’

“आता पुढच्या अमावास्येपतुर राहा. तू कामाला गेलीस की ती माझ्यापाशी ऱ्हाईल. पूजेच्या टायमाला तू घरात पायजेस. तरी रडली, तर दुसरं घर बघायचं. चालतंय?”

“व्हय, अक्का.”

पत्रक त्यांनी कॅलेंडरमागे खोचलं. ठरलेली अमावास्या अजून नऊ दिवसांवर आहे. संध्याकाळी कामावरून येताना मी कोपऱ्यावर सायकल थांबवून कान देते. गिरणी चालू असली की काहीच ऐकू येत नाही. मग घरापर्यंत जोरात पेडल मारत सुटते.