बोंडलेवाल्या काकू

शिंदे की छावनीतल्या आमच्या आळीत कुठंही तान्हं मूल रडलं की काकू हातातलं काम टाकून निघत. हातात तान्ह्यांना पाजायचं चोचीचं चांदीचं बोंडलं, त्यात साखर घातलेलं म्हशीचं दाट दूध. मुलाचं पोट दुखतंय की नुसती झोप आलीय, या भानगडीत त्या पडत नसत. मूल गप्प झालं की काकू खूश. सगळे त्यांना बोंडलेवाल्या काकूच म्हणत.

त्यांचा स्वतःचा मुलगा आठ महिन्यांचा असतानाच वारला होता. "एकदम सूखून गेला होता हो वहिनी," त्या आईला सांगत. "कुशीत घेतला तर हाडं टोचायची." पुढे संस्थान विलीन झालं, फौजेची फेररचना झाली आणि काकांना लांबच्या छावणीत जावं लागलं. मग दुसऱ्यांच्या मुलांशिवाय काकूंना कोणी उरलंच नाही.

माझी धाकटी बहीण कुसुम झाली आणि आईला विषमज्वरानं गाठलं. दूध आटलं. कुसुम काकूंच्या मांडीवर गेली ती तिथलीच झाली. तिनं तोंड फिरवलं तरी काकूंचं "आणखी एक घोट, माझी रानी" चालूच. तिसऱ्या महिन्यापासून तुपातली खीर. मेळ्यातल्या सुदृढ बालक स्पर्धेत कुसुमचा पहिला नंबर आला. आम्हीही मिरवलो, खोटं कशाला बोलू?

चौथ्या वर्षी मात्र ती तीन पायऱ्या चढली की धापा टाकू लागली. डॉक्टरांनी काकूंनाच समोर बसवलं. "बाई, भूक म्हणजे काय ते या पोरीला कुणी कळूच दिलेलं नाही."

"मोटी आहे, पण जिवंत तर आहे ना, डॉक्टरसाहेब?" काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून आईनं त्यांचं येणं बंद केलं. खोटं बोलायचं काम माझ्याकडे आलं. "कुसुम झोपलीय," असं मी दारात सांगायची आणि आतून कुसुमचं रडणं ऐकू येत असायचं. काकू ते ऐकत थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. त्याची मला आजही लाज वाटते.

राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि वडिलांची कचेरीही. आईला सुटल्यासारखं झालं. टांगा दारात आला तेव्हा काकू आल्या, रिकाम्या हातांनी.

"वहिनी, एकदा हिला कडेवर घेऊ?"

आईनं मान डोलावली. काकू वाकल्या, पण कुसुम काही उचलवेना. पुन्हा वाकल्या, आणि मटकन ओट्यावरच बसल्या. "काय करून ठेवलं मी हिचं," एवढंच म्हणाल्या.

कुसुम त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि सवयीप्रमाणे तिनं आ वासला. काकूंनी हातानं तिची हनुवटी वर करून तोंड मिटवलं, आणि टांग्यात बसायची हाक येईपर्यंत तो हात काही काढला नाही.