खेकड्यांनी खाल्लेली पानं

आपल्या चुका लपवणारी माणसं जगात पुष्कळ. पण आपली चूक माईकवरून, आकृत्यांसकट सांगितल्याशिवाय जिला अन्न गोड लागत नाही अशी बाई एकच, आणि ती नेमकी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मरोळच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी मिळून खाडीतल्या तिवरांची गळलेली पानं चिखलात किती वेगानं कुजतात ते मोजत होतो. तिचं काम चोख. पण त्याबद्दल बोलायला ही उभी राहिली की माझं डोकं फिरायचं. हातात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि हिची सुरुवात, "पहिल्या वर्षी आमची वाट कशी लागली ते आधी सांगते." कुणी आलेखाचं कौतुक केलं तर त्यातल्या भरकटलेल्या ठिपक्यावर ही बोट ठेवणार. घरी पाहुण्यांना सोलकढी देतानाही "नारळ जरा जुना होता हां" हे वाटीच्या आधी पोचायचं.

अंधेरीच्या परिषदेआधी मी तिच्याकडून आठवडाभर भाषण घोटून घेतलं. "अगं, लोक निष्कर्ष ऐकायला येतात. तो आधी सांग ना!"

"माका शिकवू नको," ती चिडली की मालवणीवर यायची. "काय चुकला ता कळल्याशिवाय बरोबर काय ता कसा कळतला?"

शेवटी कबूल झाली. आणि मंचावर चढून केलं काय? पानं भरून चिखलात ठेवलेल्या आमच्या जाळीच्या पिशव्या खेकड्यांनी कशा कुरतडल्या, पानं फस्त केली, आणि आम्ही मात्र 'काय झपाट्यानं कुजतायत!' म्हणून कशा खूश होतो, हे तिनं बोटांच्या नांग्या करून रंगवून सांगितलं. मागच्या रांगेतून हातवारे करून मी थकले. मजबूत जाळीतले खरे आकडे पडद्यावर येतात न येतात तोच अध्यक्षांची घंटा वाजली. इतकी वर्षं चिखल तुडवला, आणि निष्कर्षच राहिला! मी कपाळाला हात लावला.

प्रश्नांच्या वेळी दुसऱ्या संस्थेतला एक संशोधक उभा राहिला. चेहरा पडलेला. "मॅडम, आमचीही पानं फारच लवकर संपतायत. निबंध पाठवायच्याच बेतात होतो. ती कुरतडलेली जाळी पुन्हा दाखवता?" हिनं लगबगीनं फोटो मोठा करून दाखवला. नंतर चहाची सुट्टी संपली तरी तिच्याभोवतीची माणसं हलेनात; जो तो आपला फसलेला प्रयोग सांगत होता.

गेल्या वर्षी ती नोकरीसाठी रत्नागिरीला गेली. आता भाषणं मी करते. निष्कर्ष आधी, सगळं वेळेत. टाळ्या पडतात, लोक चहाला निघून जातात. मी उगाच वायरी गुंडाळत मंचाजवळ रेंगाळते. कुणी काही विचारायला येईल म्हणून.